गिधाडांचं प्रजनन केंद्र: पिंजरा चौथ्या क्रमांकावर

"आमच्या तालुक्यात गिधाड प्रजनन केंद्र काढायचंय, पिंजऱ्याचा नकाशा पाठवा." असा निरोप आला की मी उलट एकच विचारतो: तुमच्याकडच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या बॅगेत सुजेवरचं कोणतं इंजेक्शन असतं? बहुतेकदा तिथेच संभाषण थांबतं.

पिंजरा ही या कामातली चौथी पायरी आहे. लोक तिथून सुरुवात करतात, कारण पिंजऱ्याचं उद्घाटन करता येतं. औषधांच्या दुकानांच्या पाहणीची फीत कोण कापणार? पण क्रम उलटा झाला की पक्षी वाढतात, बाहेर सोडले जातात आणि ज्या कारणाने आधीचे मेले त्याच कारणाने मरतात.

खालचा क्रम पांढऱ्या पाठीचं, लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं या तीन गिधाडांसाठी आहे. महाराष्ट्रात यातली पहिली दोन आढळतात. वाचणारे वनखात्यातले, पशुवैद्यक किंवा निसर्गमंडळातले असतील असं धरून लिहितोय.

आधी एक इशारा. या तिन्ही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय पक्षी पकडणं, पाळणं, घरट्यातून अंडं किंवा पिल्लू उचलणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. केंद्र चालतं ते राज्याच्या वनखात्यासोबत, केंद्र सरकारच्या आणि केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेने. जखमी गिधाड सापडलं तर घरी नेऊ नका, १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर कळवा.

## १. केंद्र खरंच हवंय का, ते ठरवा

पिंजऱ्यात प्रजनन करणं हा शेवटचा उपाय. तुमच्या भागात गिधाडं अजून घरटी करत असतील, तर तीच घरटी राखणं स्वस्त आणि जास्त खात्रीचं. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला झाडांवरची घरटी राखत, खाद्य पुरवत काम झालं. नाशिककडे हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्याची जागा केली गेली. तिथे पिंजरा लागला नाही.

निर्णयाआधी सलग तीन हंगाम हे मोजा:

- घरटी किती बांधली गेली,
- त्यातल्या किती घरट्यांत जोडी अंड्यावर बसली,
- किती पिल्लं उडाली.

शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच मोजायचा राहतो. जानेवारीत घरटी मोजून सगळे परततात, एप्रिल-मेच्या उन्हात पुन्हा कोणी जात नाही.

मग वेळेचा हिशोब मांडा. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात. हरियाणातलं पिंजोरचं केंद्र २००१ मध्ये उपचार केंद्र म्हणून आणि २००४ पासून प्रजनन केंद्र म्हणून चालू आहे. तिथून पांढऱ्या पाठीची आठ गिधाडं मोकळ्या आकाशात सोडली गेली २०२० मध्ये. मध्ये सोळा वर्षं गेली, तीही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्याचं वनखातं मागे असताना. तुमच्या प्रस्तावात "तीन वर्षांत पक्षी सोडणार" असं लिहिलं असेल तर तो कागद आजच फाडा.

तपासणी: पंधरा वर्षांचा पगार, मांस, वीज आणि डॉक्टर यांचा खर्च कोण देणार, हे लेखी आहे का? नसेल तर पुढचं वाचा, पण केंद्र काढू नका. दुसरा आणि नववा टप्पा कोणतंही मंडळ करू शकतं, आणि नेमकं तेच काम कमी पडतंय.

## २. बाहेरचं जग आधी साफ करा

डायक्लोफेनॅक हे सुजेवरचं, दुखण्यावरचं औषध दिलेलं जनावर लगेच मेलं, ते गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. युरिक ॲसिड रक्तात साचतं आणि काळजावर, यकृतावर पांढऱ्या खडूसारखा थर बसतो. पक्षी मान खाली टाकून बसतो आणि काही दिवसांत मरतो. यासाठी सगळीच ढोरं विषारी असावी लागत नाहीत. शंभर मेलेल्या जनावरांत एकापेक्षाही कमी जनावर असं असलं, तरी गिधाडांची संख्या कोसळायला पुरतं, कारण एका जनावरावर पन्नास-साठ गिधाडं उतरतात.

कुठली औषधं शोधायची ते पाठ करा. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीची मोठी बाटली जनावरांना टोचली जायला लागली, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका मात्रेपुरतं मर्यादित केलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद झालं. एसिक्लोफेनॅक गाईच्या अंगात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच बनतं, म्हणजे नाव बदललं तरी विष तेच. त्यानंतर निमेसुलाइडही त्या यादीत गेलं. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही गिधाडांना सुरक्षित ठरलेली औषधं.

पाहणी कशी करायची? सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन दुकानात गेलात तर सगळे मेलॉक्सिकॅमच दाखवतील. गिऱ्हाईक म्हणून जा. मी एकदा एका तालुक्याच्या गावात असाच गेलो. म्हटलं, म्हशीचा गुडघा सुजलाय, उठत नाही. दुकानदाराने विचारलं, किती वजनाची? मग खालच्या खणातून माणसांसाठीच्या छोट्या ॲम्प्युल काढल्या, दहा-बारा एका कागदात गुंडाळल्या आणि म्हणाला, "सगळ्या एकाच सिरिंजमध्ये ओढा. याच्याने लगेच उभी राहते." बंदीची पाटी त्याच्या मागच्या भिंतीवर होती. त्याला गिधाडांशी वैर नव्हतं. समोर म्हैस होती, तिचा मालक होता आणि गुण येणारं औषध होतं.

म्हणून नुसती तक्रार करून भागत नाही. क्रम असा ठेवा:

१. ज्या जागी पक्षी सोडायचे तिथून १०० किलोमीटर त्रिज्येत येणारे तालुके लिहून काढा. गिधाड-सुरक्षित क्षेत्राची, म्हणजे ही घातक औषधं नसलेल्या भागाची, मोजणी याच अंतराने करतात. ते तीस हजार चौरस किलोमीटरच्या वर जातं. हो, तेवढं.
२. पशुवैद्यकीय दवाखाने, खाजगी डॉक्टर आणि गावोगाव इंजेक्शन देत फिरणारे लोक यांची वेगवेगळी यादी करा. तिसरी यादी सगळ्यात लांब निघते.
३. दूध संघाच्या माणसांना बरोबर घ्या. पक्षिमित्राचं ऐकत नाहीत, दूध संघाचं ऐकतात.
४. मेलेली जनावरं टाकायच्या जागांवरून यकृताचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवा. दुकानदार खोटं बोलेल, यकृत खोटं बोलत नाही.
५. वर्षाने पुन्हा तीच पाहणी, तशीच, गिऱ्हाईक बनून.

याच फेरीत दोन गोष्टी आणखी टिपा: कुत्र्यांसाठी किंवा बिबट्यासाठी मढ्यावर विष टाकायची सवय कुठे आहे, आणि उघड्या तारांचे विजेचे खांब कुठे आहेत. ताडोबातून सोडलेलं एक गिधाड हजारो किलोमीटर उडून तमिळनाडूत पोहोचलं आणि तिथे विजेच्या धक्क्याने गेलं. शंभर किलोमीटरचं वर्तुळ तुमच्या नकाशावर असतं. गिधाडाला ते दिसत नाही.

थांबा: दोन सलग पाहण्यांत बंदी असलेली औषधं सहज मिळत असतील तर तिसऱ्या टप्प्याला हात लावू नका.

## ३. पहिले पक्षी आणि विलगीकरण

जिथून सगळी वंशावळ सुरू होते ते पहिले पक्षी शक्य तितक्या वेगवेगळ्या वसाहतींतून यायला हवेत. एकाच कड्यावरून दहा पिल्लं आणली तर ती भावंडं किंवा चुलत भावंडं निघतात. केंद्रासाठी एकेका जातीच्या २५ जोड्यांचं लक्ष्य ठेवलं जातं ते यासाठीच. आणि एकाच केंद्रात सगळे पक्षी ठेवत नाहीत. पिंजोरबरोबर पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि भोपाळला केरवा अशी केंद्रं काढली, म्हणजे एका ठिकाणी साथ आली तरी जात हातची जात नाही.

मोठ्या पक्ष्यापेक्षा कमी वयाचा पक्षी पिंजऱ्यात लवकर रुळतो. जखमी पक्षीही घेता येतात. पंख कायमचा गेलेला पक्षी सोडता येत नाही, पण जोडी जमवू शकतो.

आल्या दिवशी: वजन, रक्त, विष्ठेची तपासणी, पायात कडी, कातडीखाली मायक्रोचिप. नर-मादी दिसायला सारखेच असतात, म्हणून डीएनए तपासणी. मग किमान ३० दिवस, जमल्यास ४५, वेगळ्या पिंजऱ्यात. वेगळा पिंजरा म्हणजे वेगळी बादली, वेगळे गमबूट आणि शक्यतो वेगळा माणूस. एकच माणूस असेल तर त्याने आधी निरोगी पक्ष्यांकडे जायचं, विलगीकरणाकडे शेवटी. हा क्रम सकाळच्या घाईत हमखास उलटा होतो, कारण विलगीकरणाचा पिंजरा फाटकाजवळ बांधलेला असतो. बांधतानाच तो लांब बांधा.

## ४. पिंजरा

आता नकाशा.

वसाहतीचा मोठा पिंजरा पिंजोरला साधारण १०० फूट लांब, ४० फूट रुंद आणि २० फूट उंच आहे. गिधाड थव्याने राहणारा पक्षी. एकेका जोडीला वेगळी खोली दिली तर आपल्याला नीटनेटकं वाटतं, पण पक्ष्यांना जोडीदार निवडताच येत नाही.

बांधताना इकडे लक्ष द्या:

- बसायच्या जागा. लाकडावर काथ्या गुंडाळा. गुळगुळीत पाइपावर किंवा सिमेंटवर तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळतात आणि महिनोन्महिने बऱ्या होत नाहीत.
- घरट्यांचे कठडे. जोड्यांपेक्षा जास्त कठडे ठेवा. जागा कमी पडली की भांडणात अंडी फुटतात. लांब चोचीचं गिधाड कड्यावर घरटं करतं, पांढऱ्या पाठीचं झाडावर. एकाच मापाचे कठडे दोघांना चालवू नका.
- जाळी. घाबरलेला पक्षी सरळ जाळीवर आदळतो. आत टोकं, तारांची गाठ, खिळा काही नको. मी हाताला जुना मोजा घालून जाळीवरून फिरवतो. मोजा अडकला तिथे पंख अडकणार.
- पाणी. आंघोळीपुरता उथळ हौद. गिधाडं मांसाने माखतात आणि धुवून घेतात.
- कॅमेरे. प्रत्येक कठडा दिसेल असे, पक्षी आणायच्या आधी. नंतर शिडी लावून कॅमेरा बसवायला गेलात तर तो हंगाम गेला समजा.

बघ्यांसाठी वेगळा पिंजरा हवा असेल तर त्यात न जुळणारे पक्षी ठेवा. प्रजननाच्या पिंजऱ्याजवळ मंत्रीही नको आणि शाळेची सहलही नको.

## ५. खाद्य

आठवड्यातून दोनदा, बकरीचं मांस. रोज थोडं थोडं देऊ नका. गिधाडाचं पोट एकदा भरपेट खाऊन दोन-तीन दिवस बसायला बनलंय.

बकरी बाजारातून आणून त्याच दिवशी कापायची नाही. विकायच्या आधी तिला कोणी काय टोचलं हे तुम्हाला कळणार नाही. निदान आठवडा-दहा दिवस आपल्या गोठ्यात ठेवायची, कानाला आणल्याची तारीख लावायची, आणि त्या काळात ती आजारी पडलीच तर मेलॉक्सिकॅमशिवाय काही द्यायचं नाही. गोठ्याच्या दारावर पाटी आणि चावी एकाच माणसाकडे.

नुसतं लुसलुशीत मांस दिलं तर पिल्लांची हाडं वाकतात. मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, जवळजवळ नसतोच. रानात गिधाडं हाडांचे तुकडे गिळतात, तेव्हा इथेही हाडांसकट द्या. पिल्लं असलेल्या जोड्यांना फोडलेल्या हाडांचे बारीक तुकडे वेगळे टाका.

## ६. जोडी आणि अंडं

नर-मादी सारख्या संख्येत ठेवून बाजूला व्हा. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून काटक्या, हिरव्या डहाळ्या टाकायला लागा. जोडी जमली की दोघं काटक्या उचलून एकाच कठड्यावर नेतात. कॅमेऱ्यात हे बघायला फार छान असतं, पण वहीत फक्त कडीचे आकडे आणि कठड्याचा नंबर लिहा.

नव्या जोडीचं पहिलं अंडं बऱ्याचदा वाया जातं. फोडतात, सोडून उठतात, नाहीतर ते वांझ असतं. यात हात घालू नका. "पुढच्या वेळी आपण उबवू" ही घाई पहिल्याच वर्षी केली तर त्या जोडीला बसायची सवयच लागत नाही.

दोन-तीन हंगाम नीट बसलेल्या जोड्यांसाठी एक युक्ती आहे. पहिलं अंडं घातल्यावर थोड्याच दिवसांत उचललं, तर काही आठवड्यांनी जोडी दुसरं घालते. पहिलं यंत्रात, दुसरं आईबापांखाली. वर्षाला एकाऐवजी दोन पिल्लं. पण ही युक्ती प्रत्येक जोडीवर दरवर्षी चालवायची नाही. मादीचं वजन घटलं असेल तर अजिबात नाही.

## ७. उबवणी आणि पिल्लू

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त अंडी इथेच जातात आणि दोष मात्र "वांझ अंड्यां"ना दिला जातो.

साधारण ५० ते ५५ दिवस अंडं उबवावं लागतं. यंत्राचं तापमान ३७ अंशांच्या किंचित खाली. तापमान बहुतेकांना जमतं, चुकतो तो दमटपणा. अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडत असतं, आणि पिल्लू कवच फोडायला लागेपर्यंत वजन सुमारे १५ टक्के उतरायला हवं. कमी उतरलं तर पिल्लू सुजलेलं, आत फिरायला जागा नाही. जास्त उतरलं तर पडद्याला चिकटलेलं.

म्हणून दमटपणाचा काटा बघत बसू नका, अंडं तोला. समजा अंडं २०० ग्रॅमचं आहे. १५ टक्के म्हणजे ३० ग्रॅम, ५० दिवसांत. म्हणजे रोज ०.६ ग्रॅम. दहाव्या दिवशी काट्यावर १९४ दिसायला हवं. १९६ दिसलं तर हवा ओली आहे, पाण्याचा ट्रे लहान करा. १९१ दिसलं तर कोरडी आहे, ट्रे वाढवा. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. किराणा दुकानातला चालत नाही. वजनं पेन्सिलीने अंड्यावर लिहू नका, वहीत लिहा. अंड्यावर फक्त नंबर.

इशारे, सगळे महागात पडलेले:

- दुसरं यंत्र गरम करून तयार ठेवा. जनित्र आठवड्यातून एकदा चालवून बघा. डिझेल आहे पण बॅटरी उतरलीय, असं ऐन रात्री कळतं.
- कवचाला पहिली चीर गेल्यावर पिल्लाला बाहेर यायला एक-दोन दिवसही लागू शकतात. मदत म्हणून कवच सोललंत तर आतल्या शिरा अजून भरलेल्या असतात, पिल्लू रक्तस्रावाने जातं.
- हात धुऊन, हातमोजे घालून. बकरी कापणारा माणूस त्या दिवशी उबवणीच्या खोलीत नको.

पिल्लू निघालं की त्याला माणसाचं तोंड दिसता कामा नये. अमेरिकेत कॅलिफोर्निया काँडोर या तिथल्या गिधाडाच्या पिल्लांना काँडोरच्याच डोक्याची हातबाहुली घालून भरवतात. आपल्याकडे त्याहून सोपा मार्ग आहे: ज्या जोडीचं अंडं वांझ निघालंय तिच्याखाली लाकडी अंडं ठेवून तिला बसतं ठेवायचं आणि वेळ आली की लाकडी अंडं काढून पिल्लू ठेवायचं. बदल सकाळी लवकर, एकाच माणसाने, मिनिटभरात. मग दिवसभर कॅमेऱ्यापुढून उठायचं नाही. जोडीने भरवलं की निम्मी लढाई झाली.

सोलापूरकडचे मित्र विचारतात, माळढोकाला हेच लागू का? नाही. राजस्थानात सम आणि रामदेवऱ्याच्या केंद्रांत रानातली अंडी आणून उबवली, आणि तिथे काही पक्षी माणसाळलेले असणं उपयोगाचं ठरतं, कारण माणसाळलेल्या नराकडून वीर्य घेता येतं; २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं. पक्षी बदलला की नियम बदलतो. गिधाडाची पद्धत माळढोकाला लावू नका, आणि उलटंही नको.

## ८. सोडणं

पक्षी गाडीतून आणला आणि दार उघडलं, असं सोडणं म्हणजे मारणं. सोडायच्या जागीच मोठा पिंजरा बांधायचा आणि पक्षी तिथे काही महिने ठेवायचे. २०२४ च्या जानेवारीत पिंजोरहून २० गिधाडं ताडोबा आणि पेंचमध्ये आली, तीही आधी अशाच पिंजऱ्यांत राहिली.

त्या महिन्यांत काय करायचं:

१. पिंजऱ्याबाहेर, आतून दिसेल अशा जागी मेलेलं, तपासलेलं जनावर टाका. रानातली गिधाडं उतरली तर आतल्यांना कळतं की जेवण असं आकाशातून शोधायचं असतं.
२. पाठीवर ट्रान्समीटर बांधायच्या आधी तेवढ्याच वजनाचा खोटा बांधून बघा. वजन पक्ष्याच्या ३ टक्क्यांच्या आत. पाच किलोच्या गिधाडाला पट्ट्यांसकट १५० ग्रॅम ही हद्द, गाठायचं लक्ष्य नव्हे. पट्टा फार घट्ट असेल तर छातीला काचतो, फार सैल असेल तर त्यात चोच किंवा पंख अडकतो.
३. काँडोर सोडायच्या आधी अमेरिकेत पिंजऱ्यात खोटा विजेचा खांब ठेवतात, त्यावर बसलं की सौम्य झटका बसतो. आपल्याकडे खांबांची घनता बघता हे करावं, असं माझं मत आहे.
४. दिवस निवडा. गिधाड पंख मारत नाही, तापलेल्या हवेवर चढतं. ढगाळ, ओल्या आठवड्यात दार उघडलं तर नवखा पक्षी जमिनीवर राहतो, आणि जमिनीवर कुत्री असतात. पावसाळा सरल्यावर, कोरडं ऊन पडायला लागल्यावर बरं.
५. दार उघडा आणि लांब जा. हाकलू नका. एखादं दोन तासांत निघतं, एखादं आठवड्याने. टाळ्या वाजवणारे पाहुणे असतील तर त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा.

बाहेरचं खाद्य लगेच बंद करू नका. सोडलेले पक्षी महिनोन्महिने परत येऊन खातात, आणि यात काही वाईट नाही.

## ९. मागावर

ट्रान्समीटरचे ठिपके रोज सकाळी कोणीतरी बघायलाच हवेत, रविवारीही. ठिपका एकाच जागी दिवसभर राहिला तर माणूस पाठवा. चोवीस तास उशिरा गेलात तर कुत्र्यांनी आणि उन्हाने पुरावा खाल्लेला असतो.

ठिपके गावाजवळ वारंवार पडत असतील तर त्या गावी जा, ढोरं कुठे टाकतात ते बघा, आणि त्या तालुक्यात दुसरा टप्पा पुन्हा करा. तालुका तुमच्या यादीबाहेरचा असला तरीही.

मेलेलं गिधाड सापडलं की ते पुरू नका आणि जाळू नका. आधी जागेचे फोटो: वर तार आहे का, पायाला-पंखाला जळल्याची खूण आहे का, जवळ मढं आहे का, आणि मढ्याजवळ मेलेलं कुत्रं किंवा कावळे आहेत का. मग वनखात्याला कळवून, त्यांच्या पंचनाम्यासह, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन. यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत, बर्फात, आणि मग गोठवून. मढं सापडलं असेल तर त्याच्याही यकृताचा तुकडा तिसऱ्या पिशवीत. प्रत्येक पिशवीवर तारीख, गाव, कडीचा नंबर आणि उचलणाऱ्याचं नाव, न पुसणाऱ्या पेनाने. शाईचं पेन फ्रीजरमध्ये पसरतं. मी एकदा चार पिशव्या अशाच घालवल्या, प्रयोगशाळेत पोहोचल्या तेव्हा कोणती कुठल्या पक्ष्याची ते सांगता येत नव्हतं.